‘रद्द’ म्हणजे किती रद्द?

सातारा जिल्ह्यातून एका निवृत्त एसटी वाहकांचं पत्र आलंय. चार फुलस्केप पानं, तीन कात्रणं आणि खानावळीचं एक बिल. सगळं छापायला जागा नाही, म्हणून मुद्द्यापुरतं देते.

‘ताई, सा. न. वि. वि. मी ३४ वर्षं एसटीत कंडक्टर होतो. आता वेळच वेळ आहे. एक पेपर घरी येतो, दुसरा कट्ट्यावर वाचतो, रात्री टीव्हीवरची चर्चा बघतो. एप्रिल २०२५ मध्ये ‘हिंदी सक्ती रद्द’ अशी बातमी वाचली आणि फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकली. आमचे साडू निवृत्त मुख्याध्यापक. ते म्हणाले, एवढ्यात नाचू नका. मग पैज लागली. पहिलीला हिंदी येणार नाही, असं मी म्हणालो. हरेल त्यानं कोल्हापूरला तांबडा-पांढऱ्याचं जेवण घालायचं. १७ जूनला नवा जीआर, म्हणजे शासन निर्णय, आला. साडूंनी तो ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, ‘कंडक्टरसाहेब, पुढच्या स्टॉपला उतरा.’ मी गुमान जेवण घातलं. बिल सोबत जोडलंय. २९ जूनला मुख्यमंत्र्यांनी दोन्ही जीआर रद्द केले. मी म्हटलं, आता माझे पैसे परत करा. साडू म्हणाले, समिती नेमलीय, विषय कुठं संपलाय? आणि ग्रुप सोडून गेले. आता सख्ख्या बहिणी एकमेकींना फोन करत नाहीत. मुलगा मला म्हणतो, बाबा, तुम्ही बातमी वाचत नाही, नुसती वाटता. नात त्याच जूनमध्ये पहिलीत गेली, म्हणून माझा जीव त्यात होता. ताई, कुठला पेपर खरा मानायचा? सरकार खोट्या बातम्या बंद का करत नाही? आणि माझ्यासारख्या माणसानं सरकारी धोरणावर तोंड उघडावं की नाही?’

भाऊ, आधी बिल. १,८६० रुपये, त्यात जादा भाकरी सात. दुसऱ्याच्या खिशातून जेवताना साडूंची भूक चांगलीच खुलली, एवढं मला यावरून कळलं. पैजेचा निकाल शेवटी देते, कारण तो तुमच्या तीन प्रश्नांतच अडकलाय.

तारखा एका रांगेत मांडून बघू. १६ एप्रिल २०२५ ला जीआर निघाला की मराठी आणि इंग्रजी माध्यमाच्या शाळांत पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा अनिवार्य. चहूकडून विरोध झाला, अगदी सरकारच्याच भाषा सल्लागार समितीनंही केला. २२ एप्रिलला शालेय शिक्षणमंत्री दादा भुसे यांनी ‘अनिवार्य’ या शब्दाला स्थगिती देत असल्याचं सांगितलं आणि सुधारित निर्णय काढू म्हणाले. १७ जूनला तो सुधारित जीआर आला. त्यात ‘अनिवार्य’ नव्हतं, ‘सर्वसाधारणपणे’ होतं. २९ जूनला, अधिवेशनाच्या आदल्या संध्याकाळी, मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी दोन्ही जीआर रद्द केल्याचं जाहीर केलं आणि डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. त्याच दिवशी ठिकठिकाणी जीआरच्या प्रतींची होळी झाली होती. या जीआरविरुद्ध ठरलेला ५ जुलैचा मोर्चा मग वरळीत विजयी मेळावा झाला.

आता तुमचं २३ एप्रिलचं कात्रण. मथळा पाच कॉलमी, त्याभोवती तुम्ही लाल पेननं चौकोन केलाय. मी निळ्या पेननं चौथ्या परिच्छेदाखाली रेघ मारली. तिथं नीट छापलंय की ‘अनिवार्य’ शब्दाला स्थगिती आणि सुधारित शासन निर्णय लवकरच. बातमीत सगळं आहे. ‘रद्द’ हा शब्द तेवढा बातमीत कुठंही नाही, तो फक्त मथळ्यात आहे. आणि तुम्ही ग्रुपवर टाकलेल्या फोटोत काय होतं? मथळा आणि मंत्र्यांचा फोटो. चौथा परिच्छेद घडीच्या खाली राहिला.

हा शब्द मथळ्यात येतो कसा, ते मला ठाऊक आहे, कारण असे शब्द मी स्वतः बसवलेत. बावीस वर्षं मी एका जिल्हा दैनिकात उपसंपादक होते, त्यातली बरीचशी रात्रपाळीला. लोकांना वाटतं बातमी आणि मथळा एकाच माणसाचा. बातमी वार्ताहराची असते. मथळा देणारा रात्री साडेदहाला टेबलावर बसलेला असतो, त्याच्यापुढं आणखी पंधरा बातम्या पडलेल्या असतात आणि त्यानं त्या मंत्र्याला जन्मात पाहिलेलं नसतं. पानावर मथळ्याची जागा आधीच ठरलेली. ‘अनिवार्य शब्दाला स्थगिती, सुधारित निर्णय निघणार’ हे त्या जागेत मावत नाही. ‘रद्द’ मावतं. दोनच अक्षरं, त्यात एक जोडाक्षर, पानावर ठसठशीत दिसतं. लबाडी करणारेही असतात, नाही म्हणत नाही. पण मी पाहिलेल्या चुकीच्या मथळ्यांतले निम्मे तरी जागा आणि घड्याळ यांनी लिहिलेले होते.

माझंच एक पाप सांगते. नव्वदच्या दशकातली गोष्ट, तेव्हा मजकुराच्या छापील पट्ट्या, म्हणजे ब्रोमाइड, कापून पानावर चिकटवायचे. गावच्या नगरपालिकेनं पाणीपट्टी वाढवली, ओरड झाली, आणि नगराध्यक्षांनी पुढच्या सर्वसाधारण सभेपर्यंत वाढीला स्थगिती दिली. मी मथळा दिला, ‘पाणीपट्टी वाढ रद्द’. दुसऱ्या दिवशी गावात आमच्या पेपरचं कौतुक झालं. दीड महिन्यानं एक म्हातारे गृहस्थ कचेरीत आले. टोपी काढली, माझ्या टेबलावर ते कात्रण ठेवलं आणि शेजारी वाढीव दराचं बिल ठेवलं. दोन्ही कागद हातानं सारखे केले. एक शब्द बोलले नाहीत. मी संपादकांकडं गेले आणि आम्ही खुलासा छापला. कुठं, माहितेय? पान पाचवर, राशिभविष्याच्या खाली, चार ओळींत. चूक पहिल्या पानावर पाच कॉलम आणि दुरुस्ती भविष्याच्या खाली. ते गृहस्थ पुन्हा आले नाहीत. त्यांनी खुलासा वाचला की नाही, मला आजही माहीत नाही.

म्हणून ‘कुठला पेपर खरा’ या प्रश्नाला मी नाव सांगणार नाही. सांगितलं तर साडू दुसरं नाव सांगतील आणि तुमची दुसरी पैज लागेल. त्यापेक्षा तुमच्याच धंद्यातलं बोलू. पत्र्याचा ट्रे आणि टिकटिकणारा पंच घेऊन तुम्ही ३४ वर्षं गाडीत उभे राहिलात. लाइन चेकिंगवाला चढला की काय मागायचा? ‘गाडीत किती माणसं’ हे तुमच्या तोंडून ऐकून तो उतरायचा नाही. तो वेबिल, म्हणजे विकलेल्या तिकिटांच्या हिशेबाचा तक्ता, मागायचा, मागच्या टप्प्याला नोंद केलीय का बघायचा. सरकारी धोरणाचं वेबिल म्हणजे जीआर. मंत्री माइकवर बोलले ते तोंडी, तिकीट अजून फाटायचंय.

आणि हे वेबिल बघायला मंत्रालयात जावं लागत नाही. महाराष्ट्र शासनाच्या संकेतस्थळावर ‘शासन निर्णय’ असा विभाग आहे. विभागाचं नाव आणि तारीख टाकली की यादी येते. कागद खरा की बनावट, हे बघायला त्याचं शेवटचं पान आधी उघडा. तिथं ‘महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने’ असं असतं, खाली उपसचिव किंवा तत्सम अधिकाऱ्याची डिजिटल स्वाक्षरी आणि त्याच्या वर अठरा आकडी संकेतांक. त्यातले पहिले आठ आकडे वर्ष, महिना, दिवस असे असतात. व्हॉट्सअॅपवर येणाऱ्या ‘जीआर’ला पुष्कळदा हे पानच नसतं. मग वर ‘वाचा’ किंवा ‘संदर्भ’ या शब्दाखाली जुने कागद क्रमांकानं दिलेले असतात, कुठला आदेश कुठल्याची शेपटी आहे ते तिथं कळतं. प्रस्तावना सोडून दिलीत तरी चालेल, तिच्यात गुणगान असतं. ‘शासन निर्णय’ या शब्दाखालचा मजकूर मात्र सावकाश, बोट ठेवून वाचायचा.

बोट ठेवून वाचलं की काय दिसतं, त्यासाठी १७ जूनचाच जीआर घ्या. बातम्यांत आलं, ‘हिंदीऐवजी दुसरी भाषा घेण्याचा पर्याय’. बरोबरच होतं ते. पण पर्यायाला अट होती की वर्गातल्या किमान २० मुलांनी दुसरी भारतीय भाषा मागितली पाहिजे, तर शिक्षक मिळेल, नाहीतर ऑनलाइन शिकवलं जाईल. आता तुमच्या गावच्या जिल्हा परिषद शाळेची पहिली डोळ्यांसमोर आणा. पहिलीच्या वर्गात वीस डोकी तरी आहेत का? राज्यात अख्ख्या शाळेचा पट विसाच्या आत असलेल्या शाळा हजारोंनी आहेत. तिथल्या मुलाला तो पर्याय म्हणजे बोलाचीच कढी. आणि तारीख बघा. शाळा विदर्भ वगळता १६ जूनला उघडल्या, हा जीआर १७ जूनला आला. म्हणजे पहिलीचं पोर दप्तर घेऊन वर्गात बसलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी सरकारनं ठरवलं की त्याला काय शिकवायचं. मला विचाराल तर या सगळ्या प्रकरणातली सगळ्यात मोठी बातमी ती होती. पण ‘टोला’, ‘घणाघात’, ‘डिवचलं’ या शब्दांना जेवढी जागा मिळाली तेवढी तिला मिळालेली मी पाहिली नाही. तिसऱ्या भाषेला शिक्षक कुठून आणणार, हा प्रश्न टीव्हीवरच्या चर्चेत एखाद्या मास्तरनं काढला की सूत्रसंचालक घाईघाईनं पक्षाच्या प्रवक्त्याकडं वळायचा. मास्तर भांडत नाही ना, म्हणून.

रद्द झाल्यानंतरही तेच. मुख्यमंत्री म्हणाले की राष्ट्रीय शिक्षण धोरण राबवण्यासाठी नेमलेल्या माशेलकर कार्यगटाचा अहवाल आधीच्या सरकारनंच स्वीकारला होता, समोरच्यांनी ते झिडकारलं. दोघांचे आरोप छापून आले, फोटो आले. अहवालाच्या कुठल्या पानावर नक्की काय लिहिलंय, हे सांगणारी बातमी मी वाचल्या तेवढ्यांत मला एकही दिसली नाही. ‘हा असं म्हणाला, तो तसं म्हणाला’ हे लिहायला वार्ताहराला अर्धा तास लागतो, अहवाल वाचायला दोन दिवस. आणि तालुक्याच्या वार्ताहराला पगार किती मिळतो, ते विचारू नका. पुष्कळांना पगार नसतोच. दिवाळीच्या आणि पुढाऱ्याच्या वाढदिवसाच्या पुरवणीला जाहिरात आणली की त्यावर कमिशन. ज्याच्याकडून जाहिरात आणायची त्याच्याविरुद्ध बातमी कशी लिहायची, हा पेच त्याच्या डोक्यावर वर्षभर असतो. त्याच्यावर रागावण्याआधी एवढं लक्षात असू द्या.

मथळ्यातला नेमका शब्दही बघायला शिका. ‘शक्यता’ म्हणजे कुणीतरी कुणाच्या तरी कानात सांगितलं. ‘संकेत’ म्हणजे त्याहून थोडं मोठ्या आवाजात. ‘निर्देश दिले’ म्हणजे बैठकीत सांगितलं, समोरच्यांनी माना डोलावल्या. ‘मंत्रिमंडळाची मान्यता’ म्हणजे आता जीआरची वाट बघायची. ‘विधेयक मंजूर’ असेल तर कुठल्या सभागृहात? दोन्ही सभागृहांत झालं तरी राज्यपालांची सही आणि राजपत्र बाकी असतं, काही विधेयकांना तर राष्ट्रपतींची संमती लागते. महिलांवरच्या अत्याचारांबद्दलचं शक्ती विधेयक आठवतंय? डिसेंबर २०२१ मध्ये दोन्ही सभागृहांत मंजूर झालं, सगळे त्याला ‘शक्ती कायदा’ म्हणू लागले, भाषणांत दाखले देऊ लागले. राष्ट्रपतींची संमती त्याला मिळालीच नाही. कायदा कधी झालाच नाही, पण लोकांच्या तोंडी अजून ‘शक्ती कायदा’ आहे.

उलटंही होतं, कागद आधी निघतो आणि मग पळतो. लाडकी बहीण योजनेचा जीआर २८ जून २०२४ चा. वय २१ ते ६०, अधिवास दाखला, अडीच लाखांच्या आतला उत्पन्नाचा दाखला, पाच एकरांची अट, मुदत १५ जुलै. आमच्याकडं भांडी घासायला येणाऱ्या मावशी दोन दिवस तहसील कचेरीबाहेर रांगेत उभ्या, पावसात, हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत कागद. पहिल्या दिवशी त्यांच्या एका घरचं काम बुडालं, दुसऱ्या दिवशी तिन्ही घरांचं. जुलैच्या पहिल्याच आठवड्यात अटी बदलल्या. वय ६५ झालं, पाच एकर गेले, पिवळं किंवा केशरी रेशन कार्ड असेल तर उत्पन्नाच्या दाखल्याची गरज नाही, अधिवासाऐवजी पंधरा वर्षांपूर्वीचं रेशन कार्ड किंवा मतदार ओळखपत्र चालेल, मुदत ३१ ऑगस्ट. मावशींचं कार्ड केशरी. त्यांना हे कुणी सांगितलं? तिसऱ्या दिवशी रांगेतल्याच एका पोरीनं. पेपरात तोवर श्रेय कुणाचं यावर भांडण चालू होतं. पहिली बातमी सगळ्यांनी पानभर छापली होती आणि बदललेल्या अटी आतल्या पानावर गेल्या. मावशींनी त्या दिवशी मला विचारलं, ‘ताई, तुम्ही पेपरातल्या ना, मग तुम्हाला कसं नाही कळलं?’ मी चहा टाकला. दुसरं काय करणार?

तुमचा दुसरा प्रश्न, सरकार खोट्या बातम्या बंद का करत नाही. भाऊ, तसा प्रयत्न झाला होता. केंद्रानं २०२३ मध्ये माहिती-तंत्रज्ञान नियमांत दुरुस्ती करून स्वतःचं सत्यशोधन केंद्र आणायचं ठरवलं. केंद्र सरकारच्या कामकाजाबद्दल इंटरनेटवर लिहिलेलं काय खोटं किंवा दिशाभूल करणारं, ते त्यानं ठरवायचं. विनोदी कलाकार कुणाल कामरा आणि इतर मुंबई उच्च न्यायालयात गेले. जानेवारी २०२४ मध्ये दोन न्यायमूर्तींची मतं वेगवेगळी पडली, म्हणून प्रकरण तिसऱ्यांकडं गेलं. न्या. चांदूरकर यांनी त्या दुरुस्तीच्या विरोधात मत दिलं आणि सप्टेंबर २०२४ मध्ये ती घटनाबाह्य ठरली. मला ते योग्य वाटलं. कंडक्टरनं स्वतःचंच वेबिल तपासून स्वतःच ‘बरोबर’ असा शिक्का मारला, तर तुमच्या डेपोत चाललं असतं का? आणि २२ एप्रिलला ‘सक्ती उरलेली नाही’ असं मंत्रीच म्हणत होते. त्या दिवशी राज्याचं असं केंद्र असतं, तर त्यानं कुणाला खोटं ठरवलं असतं? तुम्हाला नक्कीच नाही. कदाचित साडूंना.

आता तिसरा प्रश्न, जो खरं तर मुलाच्या बोलण्यामुळं तुम्हाला टोचलाय. मत जरूर द्या. तुमची नात पहिलीत बसते, तिच्या दप्तरात काय असावं यावर तुम्ही नाही बोलायचं तर कुणी? मत द्यायला पदवी लागत नाही. माझं विचाराल तर सहा वर्षांच्या मुलावर एका वेळी तीन भाषा घालू नयेत, असं मला वाटतं. हिंदीशी माझं वैर नाही, आपल्याकडं ती पाचवीपासून होतीच आणि मी ती मजेत शिकले. राष्ट्रीय शिक्षण धोरणातही तीनपैकी दोन भाषा भारतीय असाव्यात आणि कुठलीही लादू नये, असंच लिहिलंय. माझ्या मताशी साडूंचं जमणार नाही कदाचित. ते मुख्याध्यापक होते, लहान वयात भाषा पटकन येते असं ते वर्गातल्या अनुभवावरून म्हणतील, आणि तेही ऐकण्यासारखं असेल. अशी दोन मतं समोरासमोर बसली तर जेवण तीन तास चालेल आणि कुणी ग्रुप सोडणार नाही. तुमचं मात्र असं झालं की दोघांनी मत मांडलंच नाही. तुम्ही मथळा फेकला, त्यांनी जीआर फेकला. पहिलीला हिंदी असावी का नसावी, यावर चार पानांच्या पत्रात तुमचं स्वतःचं एक वाक्य नाही. मी दोनदा वाचलं.

मुलगा म्हणतो ते कडू आहे, पण पोरगं अगदीच चुकलेलं नाही. फॉरवर्ड करण्याआधी स्वतःच्या दोन ओळी लिहायची सवय लावा. ‘मंत्री असं म्हणालेत, आदेश अजून बघितला नाही, मला मात्र हे बरं वाटलं.’ एवढं लिहिलं असतंत तर १७ जूनला साडूंना ‘पुढच्या स्टॉपला उतरा’ म्हणायला जागाच राहिली नसती. आणि नातीच्या पुस्तकांचं विचारायचं असेल तर पेपर नको, टीव्ही नको. शाळेत जा, मुख्याध्यापकबाईंना म्हणा, आलेलं परिपत्रक दाखवा. दाखवतात. नाही दाखवलं तर माहितीच्या अधिकाराचा अर्ज आहेच, दहा रुपयांत.

राहिली पैज. तुमचे शब्द पत्रात जसेच्या तसे आहेत, ‘पहिलीला हिंदी येणार नाही’. कुठल्या वर्षीच्या पहिलीला, ते दोघांनीही ठरवलं नाही. दोन मुरलेल्या माणसांनी पैज लावली आणि तिला तारीख नाही! साडू म्हणतात विषय संपलेला नाही, ते बरोबर आहे, कारण तिसरी भाषा कुठल्या इयत्तेपासून हे बघायलाच समिती नेमली गेली. तुम्ही म्हणता जीआर रद्द झाले, तेही बरोबर. जीआर गेले, विषय राहिला. पण पैज लावताना तुमच्या मनात नात होती, आणि तिच्या वर्षीचे दोन्ही जीआर रद्द झाले, तेव्हा जिंकलात तुम्हीच. फक्त गाडी डेपोत लागायच्या आधी तुम्ही हिशेब देऊन टाकलात, ती चूक तुमची. म्हणून १,८६० रुपये परत मागायचे नाहीत. पुढचं जेवण साडूंचं, आणि जादा भाकरी तुम्ही मागायच्या.

त्याआधी एक काम करा. साडूंना पुन्हा ग्रुपवर घ्या आणि जिथं तो मथळा टाकला होतात तिथंच, सगळ्यांसमोर लिहा, ‘२३ एप्रिलची बातमी मी अर्धीच वाचली होती.’ खासगीत फोन करून नको. माझ्यासारखं राशिभविष्याखाली नको. साडू बहुधा अंगठा दाखवतील, मुख्याध्यापक लोक लगेच विरघळत नाहीत. पण तुमच्या सौ.ना त्या संध्याकाळी बहिणीला फोन करायला निमित्त मिळेल.

तुमची कात्रणं परत पाठवतेय. तिसरं उलटं करून बघा, मागच्या बाजूला एका शिकवणीवर्गाच्या संचालकांची अर्ध्या पानाची मुलाखत आहे, ‘ध्येयवेड्या माणसाची यशोगाथा’. तुम्ही समासात ‘छान लेख’ असं लिहिलंय. मजकुराची अक्षरं बातम्यांच्या अक्षरांपेक्षा किंचित वेगळी आहेत, दिसतंय का? वार्ताहराचं नाव नाही. २००९ च्या विधानसभा निवडणुकीत वेगवेगळ्या मराठी दैनिकांत असाच स्तुतीचा मजकूर शब्दशः एकसारखा छापून आला होता, पत्रकार पी. साईनाथ यांनी तो उघड केला, आणि पैसे घेऊन बातम्या छापण्याचं ते प्रकरण प्रेस कौन्सिलपर्यंत गेलं. तेव्हा त्या मजकुरावर काहीच लिहिलेलं नसायचं. तुमच्या कात्रणावर लिहिलंय. उजव्या कोपऱ्यात, चौकटीच्या रेघेला चिकटून, एक शब्द आहे. मला चष्म्यानं दिसला नाही, नातवाचं भिंग आणावं लागलं.